वाय-फाय लागले आहे, पण नेट चालत नाही



मिक्सर आणि इस्त्रीच्या बिघाडांवर लिहिले तेव्हा पत्रे आली ती बहुतेक महिला वाचकांची. या खेपेला मुलामुलींची पत्रे अधिक आहेत आणि जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच : टॅबला वाय-फाय लागलेले दिसते, पण काहीच उघडत नाही. कुणाच्या टॅबला शेजाऱ्याचे वाय-फाय दिसते, पण स्वतःच्या आईच्या मोबाईलचे दिसत नाही. एका मुलाने तर विचारले आहे, 'काका, टॅब विकून टाकू का?' विकू नकोस बाबा. आधी हे वाच.

मी तेहतीस वर्षे टेलिफोनच्या तारा जोडण्याचे काम केले. टॅबचे शिक्षण मला कुणी दिलेले नाही, ते नातवंडांकडून घेतले. पण लाइनमनला एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवतात. फोन बंद पडला म्हणून लगेच फोन उघडायचा नाही. घरापासून खांबापर्यंत, खांबापासून पेटीपर्यंत, पेटीपासून एक्स्चेंजपर्यंत लाइन तुकड्यातुकड्याने तपासायची आणि दोष कोणत्या तुकड्यात आहे ते आधी ठरवायचे. वाय-फायला तार नसली तरी तुकडे आहेतच.

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील एक ताई रात्री नऊच्या सुमारास घरी आल्या. त्या एका इमारतीत साफसफाईचे काम करतात. मुलगी बारावीला आहे, सीईटीचा अभ्यास करते. टॅब मामेभावाने वापरून दिलेला, पण चांगला चालणारा. हातातल्या पिशवीतून टॅब काढत त्या म्हणाल्या, "दादा, ह्याचा वाय-फायचा पार्ट गेला म्हणतात. दुकानवाल्याने अठराशे रुपये सांगितलेत. नाहीतर फॉरमॅट मारून बघतो म्हणाला, त्याचे तीनशे. उद्या नेऊन देऊ का?"

फॉरमॅट हा शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला. त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतील एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत होता. मित्रांच्या वह्यांचे फोटो, जुन्या प्रश्नपत्रिका, स्वतः बोलून रेकॉर्ड केलेले चालू घडामोडींचे पाठ, सगळे त्याच्या टॅबमध्ये. नेट चालत नाही म्हणून तो टॅब घेऊन दुकानात गेला, तिथे फॉरमॅट झाला, आणि आठ महिन्यांची मेहनत पाच मिनिटांत पुसली गेली. नेट सुरू झाले हे खरे. पण तो मुलगा कितीतरी दिवस कुणाशी बोलत नव्हता.

म्हणून ताईंना बसवले, चहा ठेवायला सांगितला आणि टॅब हातात घेतला. वाय-फायच्या खुणेवर उद्गारचिन्ह होते आणि खाली 'कनेक्टेड' असे लिहून पुढे 'नो इंटरनेट' असे होते. त्याच वेळी माझा मोबाईल त्याच वाय-फायवर उत्तम चालत होता. म्हणजे लाइन ठीक, राऊटर ठीक. टॅब राऊटरला जोडला गेला होता, म्हणजे ज्याला 'पार्ट गेला' म्हणतात तो पार्टही ठीक. पार्ट गेलेला असता तर 'कनेक्टेड' हा शब्द आलाच नसता. मग उरले काय?

तारीख पाहिली. टॅबच्या मते पुढच्या वर्षीचा दसरा होऊन गेला होता.

हे काय गौडबंगाल, म्हणून विचारले तर दारात उभा असलेला धाकटा भाऊ, वय वर्षे दहा, हळूच बाहेर सटकू लागला. त्याला हाक मारून जवळ बसवले. काही गेममध्ये खेळायच्या संधी संपल्या की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागते. या बहाद्दराने शोध लावला होता की टॅबची तारीखच एक दिवस पुढे ढकलली तर थांबावे लागत नाही. रोज थोडे थोडे करीत त्याने अख्खे वर्ष खर्चून टाकले होते!

आता तारखेचा आणि नेटचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. रेल्वेच्या पासाचे उदाहरण घ्या. पासावर मुदत छापलेली असते. टीसीच्या हातातले कॅलेंडरच एक वर्ष पुढचे असेल तर तो प्रत्येक पास मुदत संपलेला ठरवील आणि सगळ्यांना उतरवील. बँकेच्या, कॉलेजच्या, अर्जाच्या प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ असेच एक मुदतीचे प्रमाणपत्र असते. टॅब ते स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ चुकलेले, म्हणून सगळीच प्रमाणपत्रे खोटी ठरतात आणि टॅब दार लावून घेतो. 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' असा लांबलचक इशारा येतो तो कित्येकदा याच कारणाने. टॅब बरेच महिने बंद राहून बॅटरी पूर्ण उतरली तरी घड्याळ मागे जाऊन हाच घोळ होऊ शकतो.

सेटिंग्जमध्ये जाऊन 'डेट अँड टाइम' उघडले, 'ऑटोमॅटिक' हा पर्याय बंद होता तो चालू केला. तारीख आपोआप सुधारली नाही, म्हणून ती एकदा हाताने बरोबर केली, मग पुन्हा ऑटोमॅटिकवर ठेवली आणि टॅब बंद करून सुरू केला. चहा गाळून होण्याआधी मुलीचे भौतिकशास्त्राचे व्याख्यान चालू झाले. अठराशे वाचले, तीनशेही वाचले, आणि टॅबमधल्या दोन वर्षांच्या वह्या जागच्या जागी राहिल्या.

प्रत्येक घरी दोष तारखेतच असेल असे नाही. म्हणून तपासायचे कसे ते सांगतो.

पहिला प्रश्न नेहमी हाच : त्याच वाय-फायवर, त्याच जागी, दुसरा मोबाईल चालतो का? मात्र पाहताना त्या मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करा, नाहीतर तो सिमच्या नेटवर चालत असतो आणि आपली फसगत होते. दुसरा मोबाईलही चालत नसेल तर टॅबला हात लावू नका. घरी फायबरची लाइन असेल तर भिंतीवरच्या पेटीचे दिवे पाहा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच पोहोचत नाही, फायबर कुठेतरी तुटली किंवा वाकली आहे. तिथे तुम्ही आम्ही काही करू शकत नाही, केबलवाल्याला कळवावे. लाल दिवा नसेल तर पेटीचा आणि राऊटरचा प्लग काढा, मिनिटभर थांबा, पुन्हा लावा आणि तीन-चार मिनिटे धीर धरा. आणि हो, रिचार्ज संपलेला नाही ना तेही पाहा. मी स्वतः एकदा दुपारभर वायरी चाचपत बसलो होतो आणि पैसे भरायचे राहिले होते. घरात अजून त्यावरून हसतात.

दुसरा मोबाईल चालतो आणि टॅब चालत नाही, तर दोष टॅबकडचा. मग टॅब कुठे अडतो ते त्याच्या पडद्यावरच लिहून येते. बहुतेक लोक ते इंग्रजी वाचायचे सोडून नुसते बोट आपटत राहतात. 'ऑथेंटिकेशन' असा शब्द आला तर पासवर्ड पटलेला नाही. पासवर्ड टाकताना डोळ्याची खूण दाबा म्हणजे अक्षरे दिसतात. मोठी लिपी, छोटी लिपी, शून्य आणि 'ओ' यांत गल्लत होते. कीबोर्डने सुचवलेला शब्द आपण बोटाने निवडला तर शेवटी एक मोकळी जागाही कधी कधी चिकटते, ती दिसत नाही आणि माणूस वेडा होतो. आधीचा चुकीचा पासवर्ड टॅबने लक्षात ठेवलेला असेल तर त्या वाय-फायच्या नावावर जाऊन 'फरगेट' करावे आणि नव्याने जोडावे.

'ऑब्टेनिंग आयपी ॲड्रेस' असे म्हणत टॅब नुसता घुटमळत असेल तर पासवर्ड पटला आहे, पण राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही. राऊटर आपल्याकडे आलेल्या प्रत्येक यंत्राला एक तात्पुरता पत्ता देतो, म्हणजे टपाल कुणाचे कुणाला जाऊ नये. राऊटर आणि टॅब दोन्ही बंद करून सुरू केले की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर किती यंत्रे जोडता येतील याची मर्यादा असते. घरात पाहुणे असतील आणि सगळेच जोडले गेले असतील तर शेवटी आलेला टॅब दाराबाहेर राहतो.

आता त्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो : शेजाऱ्याचे वाय-फाय दिसते, आईच्या मोबाईलचा हॉटस्पॉट दिसत नाही. या तक्रारीची पत्रे सर्वांत जास्त आहेत, कारण आपल्या बहुतेक घरांत वेगळी लाइन नसते, संध्याकाळी आई किंवा वडील कामावरून आले की त्यांच्या मोबाईलवर मुलांचा अभ्यास चालतो. वाय-फायचे दोन मुख्य पट्टे आहेत, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ चा वेग कमी, पण तो लांब जातो आणि भिंतीतून बरा पार होतो. ५ चा वेग जास्त, पण भिंत आली की तो दमतो. स्वस्त आणि जुन्या टॅबना पुष्कळदा फक्त २.४ समजतो. नवा मोबाईल घेतला, त्याचा हॉटस्पॉट ५ वर लागलेला असला, की टॅबच्या दृष्टीने तो नाहीच. आदल्या दिवशीपर्यंत चालणारा टॅब वडिलांनी मोबाईल बदलल्यावर 'बिघडला' असे ज्यांनी ज्यांनी लिहिले आहे त्यांनी हेच पाहावे. मोबाईलच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'बँड' नावाचा पर्याय असतो, तिथे २.४ निवडा. तिथेच 'सिक्युरिटी' मध्ये डब्ल्यूपीए-३ असेल तर डब्ल्यूपीए-२ करून पाहा, जुन्या टॅबना तीन नंबर कळत नाही. पासवर्ड काढून हॉटस्पॉट उघडा मात्र ठेवू नका.

हॉटस्पॉटची आणखी एक खोड आहे, आणि ती खिशाला लागते. टॅबला कित्येकदा वाटते की आपण घरच्या मोठ्या लाइनवर आहोत. मग तो गुपचूप ॲपची नवी आवृत्ती उतरवून घेतो, फोटो वर पाठवत बसतो, आणि आईच्या पॅकमधला दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा मुलीने पुस्तक उघडण्याआधीच संपतो. रोजचा कोटा संपला की पुष्कळ पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. त्या वेगात व्याख्यान तर सोडाच, अर्जाचे पानही धड उघडत नाही, आणि आपण म्हणतो वाय-फाय बिघडले. टॅबमध्ये त्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन 'मीटर्ड' हा पर्याय निवडावा आणि प्ले स्टोअरमधील आपोआप अपडेट बंद करावे. महिन्यातून एकदा कुठे मोठी लाइन मिळाली की तिथे अपडेट करून घ्यावे.

जागेचाही विचार करा. वाय-फाय म्हणजे रेडिओच्याच जातीची लहर. लोखंड आणि पत्रा तिला परतवतो, पाणी तिला शोषून घेते. आमच्या घरी मी राऊटर पोरांचा हात लागू नये म्हणून लोखंडी कपाटाच्या मागे ठेवला होता आणि नात पोटमाळ्यावर पत्र्याखाली अभ्यासाला बसत असे. तेहतीस वर्षे लाइनमन होतो म्हणून सांगणाऱ्या आजोबांनी केलेली ही व्यवस्था! राऊटर पोटमाळ्याच्या शिडीजवळ उंचावर, मोकळ्यावर टांगला तेव्हा नातीची कुरकुर थांबली. पाण्याचा पिंप मध्ये येत असेल तर राऊटर हलवा, पिंप हलवण्यापेक्षा ते सोपे. चाळीत एकेका भिंतीआड दहा-दहा वाय-फाय असतात आणि सगळी २.४ वरच्या मोजक्या मार्गांवर गर्दी करतात. त्यामुळे संध्याकाळी आठला जे अडखळते ते पहाटे पाचला सुरळीत चालते. मोठी व्याख्याने पहाटे उतरवून ठेवून दिवसा ऐकणारी मुले मला माहीत आहेत.

अभ्यासिकेतील मुलांची तक्रार जरा वेगळी असते. काही अभ्यासिकांमध्ये ज्यांची नोंद केली आहे त्याच यंत्रांना राऊटर आत घेतो. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळालेला असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. परंतु अँड्रॉइड १० पासून पुढचे टॅब गोपनीयतेसाठी खरा क्रमांक न सांगता प्रत्येक वाय-फायला बनावट क्रमांक सांगतात. नोंद एका क्रमांकाची, आलेला दुसराच, मग राऊटर त्याला ओळखत नाही. त्या वाय-फायच्या 'प्रायव्हसी' या पर्यायात जाऊन 'यूज डिव्हाइस मॅक' करा आणि तो क्रमांक अभ्यासिकेत नोंदवा. रेल्वे स्थानकावरील वाय-फायचे निराळे. मुंबई सेंट्रलला ते २०१६ साली सुरू झाले आणि नंतर देशभर पसरले. तिथे जोडल्यावर एक पान उघडते, मोबाईल नंबर द्यावा लागतो आणि ओटीपी येतो. टॅबमध्ये सिम नसेल तर ओटीपी मोबाईलवर येईल, तेव्हा मोबाईल जवळ हवा. तोपर्यंत 'कनेक्टेड' दिसूनही नेट चालणार नाही. अशा सार्वजनिक ठिकाणी बँकेचे व्यवहार मात्र टाळावेत.

फार जुना टॅब असेल, अँड्रॉइड ७ किंवा त्याआधीचा, तर तारीख बरोबर असूनही काही संकेतस्थळे उघडत नाहीत, बाकीची उघडतात. टॅबला माहीत असलेली जुनी प्रमाणपत्रे कालबाह्य झाली आणि नवी त्याला कुणी दिली नाहीत, हे त्याचे कारण. अशा टॅबवर पुस्तके वाचावीत, उतरवलेले पाठ ऐकावेत, पण परीक्षेचा अर्ज भरायला त्याच्या भरवशावर शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नये. फुकटचे 'व्हीपीएन' ॲप कुणी टाकले असेल तर ते काढून पाहा. तेही मध्येच वाट अडवते.

हे सगळे करून जमले नाही तर आधी 'सेटिंग्ज' मधील 'रीसेट ऑप्शन्स' उघडा. इथे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात म्हणून सावकाश वाचा. 'रीसेट वाय-फाय अँड ब्लूटूथ' यासारखा जो पर्याय असतो त्याने फक्त जोडण्या विसरल्या जातात. फोटो, वह्या, व्हिडिओ यांना धक्का लागत नाही, पासवर्ड तेवढे पुन्हा घालावे लागतात. 'इरेज ऑल डेटा' किंवा 'फॅक्टरी रीसेट' म्हणजे दुकानातला तो फॉरमॅट. त्याला हात लावायचा नाही. लावायचाच झाला तर सगळे मेमरी कार्डवर किंवा वायरने कॉम्प्युटरवर उतरवून, ते उघडून पाहून, मगच. आमच्या त्या पोलीस भरतीच्या मुलाला हा पहिला पर्याय कुणी दाखवलाच नव्हता.

पार्ट खरोखर जातोही. टॅब आपटला असेल, त्यात पाणी गेले असेल, तर वाय-फायचे बटण चालूच होत नाही, किंवा राऊटरच्या शेजारी नेऊनही एकाही वाय-फायचे नाव दिसत नाही. 'अबाउट टॅबलेट' मध्ये मॅक ॲड्रेस म्हणून ०२ आणि पुढे नुसती शून्ये दिसली तर तीही वाईट खूण आहे. मग दुकानात जाणे आलेच. जाताना दुकानदाराला स्पष्ट सांगा की विचारल्याशिवाय डेटा पुसायचा नाही, आणि ते पावतीवर लिहून घ्या. कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधून फोन लावू नका. तिथे ठगांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. कुणी एखादे ॲप उतरवायला सांगितले, ओटीपी मागितला, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा, तासभरही थांबू नका.

ज्यांनी पत्रात टॅबची कंपनी आणि अँड्रॉइडचा क्रमांक लिहिला आहे त्यांना स्वतंत्र उत्तर पाठवीत आहे. ज्यांनी नुसते 'नेट चालत नाही' एवढेच लिहिले आहे त्यांनी पडद्यावर इंग्रजीत काय लिहून येते ते जसेच्या तसे उतरवून पाठवावे.

ता. क. – धाकट्याने पुन्हा तारखेला हात लावू नये म्हणून त्या ताईंच्या मुलीने टॅबला पिन लावला. तो पिन त्याने दोन दिवसांत ओळखला, असे ताई परवा नळावर सांगत होत्या. आता तो विचारतो आहे, काकांकडे शिकायला येऊ का?